उजवा कौल

देवळातून बाहेर पडायला तुम्हाला कधी कुणाची परवानगी लागली आहे का? आत जायला नव्हे. आत जाण्यावरून आपल्याकडे पुष्कळ भांडणं झाली, पुष्कळ पत्रकं निघाली, त्यातली काही माझ्या वडिलांच्या हातून छापली गेली. मी बाहेर पडण्याबद्दल विचारते आहे. चप्पल समोर दिसते आहे, वाट मोकळी आहे, दाराला कडी नाही, आणि तरी बाहेर पडता येत नाही, असं तुमचं कधी झालं आहे का?

परवा कराडच्या बाजारात घटाची माती विकायला आली. काळी, चाळलेली माती गोणपाटावर ओतून बाया बसल्या होत्या. शेजारी वेताच्या परड्या, सात धान्यांच्या पुड्या, झेंडूचे ढीग. कुणीतरी मातीवर पाणी शिंपडलं आणि तो वास माझ्या नाकात गेला. बाजारात उभी असूनही मला वाटलं की मी बसले आहे. थंड फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. नवरात्र आलं की मला दुसरं काही आठवत नाही, गुडघे आठवतात. चार वर्षं झाली, पण आश्विनातली ही ओली माती दिसली की गुडघ्यांत ती फरशी जागी होते.

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती. पत्रकं होती. अण्णा एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवत आणि फुकट गेलेली पत्रकं घरी आणत. आमच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असत. गणिताच्या वहीवर धरणात गेलेल्या गावांची मागणी, इतिहासाच्या वहीवर हुंड्याविरुद्धची सभा, भूगोलाच्या वहीवर दुष्काळी कामावर पाणी मिळावं म्हणून निघालेला मोर्चा. मी अक्षरं शिकले ती शिशाच्या खिळ्यांवरून, आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. त्यामुळे डावं-उजवं या बाबतीत माझा लहानपणी फार घोटाळा व्हायचा. तो घोटाळा मला पुढे इतका महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

अण्णा देव मानत नसत. अंगात येणं, उतारा, कौल, नवस या सगळ्यांविरुद्ध त्यांनी किती पत्रकं जुळवली असतील. पण ती सगळी घराबाहेर वाटली गेली. घरात आई जे करी ते करी. त्याबद्दल कुणी विचारलं तर अण्णा म्हणत, घरात मी हुकूमशाही करत नाही. मला तेव्हा हे वाक्य फार थोर वाटायचं. आता कळतं, काही थोर वाक्यं माणूस खुर्चीतून उठावं लागू नये म्हणून बोलतो.

आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मॅट्रिक होऊन वर्षभर घरी होती. तिनं कुणाला न सांगता मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. त्याचं पत्र भाद्रपदाच्या शेवटी आलं. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता हजर राहावे, सोबत पालकांची सही असावी. आक्कानं ते पत्र चार घड्या घालून पोलक्यात ठेवलं आणि अण्णांना सहीबद्दल विचारलं. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, त्यातली छपाईची एक चूक दाखवली, आणि म्हणाले, आई हो म्हणाली की सही केलीच म्हणून समज.

आई म्हणाली, देवीला इचारल्याबिगर मी काय बी करनार न्हाई.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली होती. मामाच्या ओळखीचे पाहुणे येऊन चहा पिऊन गेले होते. मुलगा फौजेत होता, दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता. आक्का चहाचा ट्रे ठेवून आत आली आणि नाक मुरडलं, आम्ही दोघी हसलो, आणि कपबश्या विसळताना तो विषयही विसळला गेला असं आम्ही धरून चाललो.

देऊळ सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मधल्या डोंगराच्या कुशीत आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, आमच्याकडं असं नसतं. कराडहून एसटीनं फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून दोन कोस चालायचं. घट बसले त्या बुधवारी आम्ही तिघी चालत निघालो. दोन्ही बाजूंना भुईमूग उपटणं चालू होतं. मुळांना लोंबणाऱ्या शेंगांचा कच्चा, दुधट वास सगळ्या शिवारात होता. दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती, तरी बाया एकेक शेंग अशा वेचत होत्या की जणू रान पुन्हा मागे घेईल. आक्का सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या मनात एवढंच होतं की कौल लागायला अर्धा तास, संध्याकाळच्या गाडीनं परत.

देऊळ फार जुनं. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. दार इतकं बुटकं की आत जाताना माणसाला वाकावंच लागतं. मला त्या दाराचाही राग आला होता. आत शिरलं की आधी काही दिसत नाही. वटवाघळांचा वास, जळक्या तेलाचा वास, ओल्या दगडाचा वास, आणि मग हळूहळू अंधारातून खांब पुढे येतात. खांबांवर नाचणाऱ्या बाया कोरलेल्या होत्या. शेकडो वर्षं लोकांच्या पाठी घासून त्यांची नाकं गुळगुळीत झालेली. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी, पण त्या खांबाला हात लावला तेव्हा माझं बोलणं बंद झालं, हे मला कबूल केलं पाहिजे. ज्यानं हे घडवलं त्याच्या बोटांपुढे माझं काहीच चालत नव्हतं.

गुरवमामा साठीचे असतील. तरुणपणी ते फौजेत लांगरी होते, म्हणजे जवानांचा स्वयंपाक करत. त्यामुळे त्यांच्या तोंडी देवीचे शब्द आणि पलटणीचे शब्द एकत्र नांदत. त्यांनी आम्हाला कौलाची रीत सांगितली. कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर लावायच्या. प्रश्न ज्याचा त्यानं देवीच्या पायावर डोकं ठेवून मनात किंवा हळू आवाजात विचारायचा, गुरवाला सांगायचा नाही. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि उजवी म्हणजे देवीची उजवी, आपल्या डाव्या हाताला येते ती. मी मनात म्हटलं, खिळ्यासारखंच आहे हे, उलटं वाचायचं.

आईनं डोकं टेकवलं. तिचे ओठ हलत होते. आक्का आणि मी तिच्या मागेच उभ्या होतो. आमच्यापर्यंत दोनच शब्द आले. एक ‘पोर’, आणि दुसरा ‘उजव’ अशा काहीतरी सुरुवातीचा. आक्कानं माझा हात घट्ट दाबला. बाहेरच्या मंडपात आल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, “ऐकलंस न्हवं? आय बी उजवंच मागतीया.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आई आपल्या बाजूची आहे हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं. निदान तिला तसं वाटलं होतं.

कळ्या पडल्या नाहीत.

एक तास झाला, दोन तास झाले. दुपारची आरती झाली तरी दोन्ही कळ्या शेंदराच्या जाड थरावर चिकटून बसलेल्या. गुरवमामांनी त्या उतरवल्या आणि म्हणाले की कौल अडला. मग त्यांनी अडलेल्या कौलाची रीत सांगितली, जी आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. कौल अडला की माणूसही अडला. ज्यानं प्रश्न विचारला आणि ज्याच्याबद्दल विचारला, त्या दोघांनी कौल पडेपर्यंत दीपमाळेच्या पुढं जायचं नाही. रोज सकाळी पुन्हा कळ्या लावायच्या. मागच्या बाजूला ओढा आहे, तिथवर तेवढी मोकळीक. बाकी बसायचं.

आक्का म्हणाली, किती दिवस?

“त्ये देवी ठरवनार,” गुरवमामा म्हणाले. “ऑर्डर आल्याबिगर पोस्ट सोडायची न्हाई, पोरी.”

मी अडले नव्हते. मला जाता आलं असतं. पण आईनं मला सोबतीला ठेवून घेतलं, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. मला वाटत होतं, इथं बसून मी या दोघींना आणि जमलं तर गुरवमामांनाही पटवून देईन. तसं मी बुधवारी संध्याकाळपर्यंत बोलले. कळी का पडत नाही ते सांगितलं. हवा दमट आहे, शेंदराचा थर चिकट आहे, कळीला वजन नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग दमट हवा कुनी धाडली?

मंडपात नवरात्राला बसलेल्या पाच-सहा बाया होत्या. त्यांना कसला कौल नको होता, त्या आपल्या नेमानं बसलेल्या. त्यांतली हौसाआजी माझ्याशी बोलायची. तिची सतरावी खेप होती. मी तिला विचारलं, नऊ दिवस इथं कोंडून घ्यायचं, कंटाळा येत नाही? ती बोळक्या तोंडानं इतकी हसली की शेजारची बाई जागी झाली.

“कोंडून? अगं पुस्तकवाली, घरात मी वरीसभर कोंडलेली हाय. हितं नऊ दिस कुनी पानी आन म्हनत न्हाई, भाकरी थाप म्हनत न्हाई. उलट सून येऊन पाया पडून जाती. कोंडलेली म्हनं.”

मी मनातल्या मनात सगळी पत्रकं चाळली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. दिवस मोजायला तिथं घट होता. परडीतल्या मातीत पेरलेलं धान्य गुरुवारी फुगलं, शुक्रवारी फुटलं, शनिवारी त्याला पिवळट, सूर्य न पाहिलेले कोंब आले. आक्का त्या कोंबांकडे बघत बसायची. फणी करायची नाही म्हणून तिचे केस विस्कटलेले, उपासानं तोंड उतरलेलं. अधूनमधून ती पोलक्यावर हात ठेवून पत्र आहे का बघायची. दीपमाळेच्या पलीकडे आमच्या चपला दिसत. तिथून खाली वाट, वाटेच्या टोकाला फाटा, फाट्यावरून दिवसातून तीनदा जाणाऱ्या गाडीचा हॉर्न डोंगरावर आदळून देवळात यायचा. तो आला की आक्का मान खाली घालायची. मला दर हॉर्नला वाटे, आता ही उठेल. आणि दर वेळी ती उठली नाही की मला तिचा राग यायचा. तिला कुणी बांधलं नव्हतं. पण न बांधता अडकलेल्या माणसाला गाठ दाखवता येत नाही, म्हणून तर सोडवता येत नाही, एवढं मला सतराव्या वर्षी कळत नव्हतं.

ओढ्याकडे जाताना वाटेत एक उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य, खाली चार ओळींचा झिजलेला लेख, आणि त्याच्याखाली एक गाढव आणि एक बाई. बसलेल्या बाया रोज त्याला हळदकुंकू वाहून पुढे जात. मला तो कसला दगड ते ठाऊक होतं, शाळेत इतिहासाचे मास्तर लाजत लाजत बोलले होते. कुणा राजानं देवळाला जमीन दिली, आणि ती कुणी बळकावली तर त्याच्या आईचं काय होवो, ते निरक्षरांनाही कळावं म्हणून चित्रात काढून ठेवलं. दान पुरुषाचं, गुन्हा पुरुषाचा, आणि शिक्षा एका बाईच्या अंगावर. त्या दगडावरच्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. मी आक्काला हे सगळं तावातावानं सांगितलं. तिनं ऐकलं आणि ओंजळभर पाणी त्या कोरलेल्या बाईच्या तोंडावरून फिरवलं, कुंकू धुऊन टाकलं, आणि म्हणाली, चल.

त्या दगडाच्या पुढे, ओढ्यावर, शनिवारी सकाळी, तिनं मला विचारलं.

कण्हेरीच्या कळ्या खुडून आणण्याचं काम रोज माझ्याकडे होतं. ओढ्यावरच कण्हेर होती. मी दोन कळ्या पळसाच्या पानावर ठेवायची, गुरवमामा पानाच्या डाव्या कडेची कळी उचलून देवीच्या उजव्या खांद्याला लावायचे. रोज हेच, हातही बदलायचे नाहीत. आक्कानं हे पाहिलं होतं. ती म्हणाली, एक कळी जरा जड घे, नाहीतर तिला काही लाव. पडू दे एकदाची.

मी नाही म्हणाले. नुसतं नाही म्हणाले नाही, भाषण केलं. म्हणाले, ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही तिच्यात मी खोटेपणाही करणार नाही. खोटा कौल लावला म्हणजे कौल मानल्यासारखंच झालं. तू उठ, दीपमाळ ओलांड, मी तुझ्याबरोबर येते, बघू कोण अडवतं.

आक्का ओढ्यात पाय सोडून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“आन सही?” ती म्हणाली. “आण्णा आयशिवाय करनार न्हाईत, आय देवीशिवाय हो म्हननार न्हाई. तू मला दीपमाळंच्या पल्याड न्हेशील. मिरजंच्या दारात माझा पालक म्हनून पत्रक दावायचं का?”

त्या दिवशीही कळ्या पडल्या नाहीत. सोमवार दोन दिवसांवर आला.

रविवारी पहाटे उजाडताना मी कण्हेरीच्या कळ्या खुडल्या, मंडपात आले, नंदादीपापाशी गेले आणि एक कळी तेलात बुडवली, म्हणजे ती शेंदराला धरणार नाही, घसरेल. मी मागे वळून पाहिलं. पाप लागेल म्हणून नाही. आपण हे करतो आहोत, हे अण्णांना कळलं तर काय, या भीतीनं. तेलाची कळी मी पानाच्या डाव्या कडेला ठेवली. देवीची उजवी, आपली डावी. दोनदा तपासून घेतलं. खिळे वाचता येणाऱ्या मुलीची त्यात चूक होणार नव्हती. आक्काला मी काही सांगितलं नाही. कालच्या भाषणानंतर सांगायची लाज वाटली.

आईनं डोकं टेकवलं. गुरवमामांनी कळ्या लावल्या. मी दहापर्यंत मोजलं असेल नसेल. उजवी कळी शेंदरावरून घसरली, देवीच्या हातावर अडखळली आणि पायाशी पडली. बायांनी जयघोष केला. हौसाआजीनं आक्काची दृष्ट काढत बोटं मोडली. गुरवमामांनी सलाम ठोकल्यासारखा कपाळाला हात लावून म्हटलं, आईसाहेबांची ऑर्डर आली. आक्का आईच्या पाया पडली, देवीच्या पडली, गुरवमामांच्या पडली आणि मंडपात पळत जाऊन पिशवी भरू लागली. पाच दिवसांत तिला मी असं हललेलं पाहिलं नव्हतं. ती बोलत होती, अकराची गाडी मिळेल, अण्णा घरीच असतील, उद्या पहाटेची रेल्वे पकडली की नऊला मिरज.

आई गाभाऱ्यातून वाकून बाहेर आली. तिनं विचारलं, कुठं?

“मिरजंला,” आक्का म्हणाली.

“मिरजंचं कुनी इचारलं?”

आक्काच्या हातात पिशवीचा एक बंद होता. तो तसाच राहिला. आई म्हणाली, पावणं दसऱ्याला उत्तर मागत्यात. पोरगा पुन्हा वरीसभर यायचा न्हाई. म्हनून म्या इचारलं, माझ्या पोरीला औंदा उजवू का. देवी हो म्हनली.

उजवणे हा किती साधा शब्द आहे. व्रत उजवतात, लेक उजवतात. आमच्या घरी, शेजारी, गावोगाव रोज वापरला जाणारा शब्द. ‘थोरली उजवली, आता धाकटी राहिली’ असं बाया नळावर बोलतात. आणि आम्ही दोघींनी त्या शब्दाचं पहिलं टोक ऐकलं आणि कळी कुठल्या खांद्याची एवढाच त्याचा अर्थ घेतला. मी उत्तर फिरवलं होतं. प्रश्न काय ते मी पाच दिवसांत एकदाही आईला विचारलं नव्हतं. आपल्याला सगळ्यांची उत्तरं ठाऊक आहेत असं वाटणाऱ्या माणसाला प्रश्न ऐकायची सवय नसते.

त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. कळीला तेल मी लावलं. तहसील कचेरीसमोर अण्णांच्या शेजारी उभं राहून मी घोषणा दिल्या होत्या, घसा बसेपर्यंत. इथं घसा ठीक होता. समोर आईचा चेहरा होता, बाजूला हात जोडलेल्या बाया, आणि देवीच्या पायाशी ती कळी. मी एवढंच म्हणू शकले की आई, परत एकदा लावून बघूया का. गुरवमामा म्हणाले, पडलेला कौल पुन्हा विचारला तर तो देवीचा अपमान. आई घोंगडीची घडी घालू लागली. कौल तिच्या मनासारखा पडला असं तिच्या तोंडावर कुठं दिसत नव्हतं, पण ते बघायला मी तेव्हा शुद्धीवर नव्हते.

अकराच्या गाडीनं आम्ही परत आलो. दीपमाळ ओलांडताना आक्कानं चपला घातल्या नाहीत, हातात धरल्या. आम्हाला बाहेर पडायची परवानगी मिळाली होती. मला मात्र तेव्हापासून त्या देवळातून बाहेर पडता आलेलं नाही.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी छापखान्यात होते. अण्णा कुठल्याशा सभेचं पत्रक जुळवत होते. मी त्यांना सगळं सांगायला गेले होते आणि सांगितलं एवढंच की कौल उजवा पडला. त्यांनी मान हलवली. खिळ्यांची पट्टी खाली ठेवून ते थोडा वेळ नुसते उभे राहिले, आणि मग म्हणाले, मी सही करणार होतो. भिंतीवरचं घड्याळ दहाच्या पुढे सरकलं होतं.

आक्काचं लग्न मार्गशीर्षात झालं. नवरा वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम लिहिते. वाईट असता तर माझा लेख लिहायला सोपा झाला असता. तो सीमेवर असतो, महिन्याला पत्र धाडतो, आल्यावर मुलाला खांद्यावर घेऊन उसाच्या बांधानं हिंडतो. आक्का वारणेकाठी सासरी असते. घर मोठं, माणसं बरी, काम पुष्कळ.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी तिच्याकडे गेले होते. ओसरीवर भुईमुगाचा ढीग होता आणि आम्ही दोघी शेंगा तोडत बसलो होतो. तिथं मी तिला तेलाच्या कळीबद्दल सांगितलं. तीन वर्षं गिळलेलं वाक्य एका दमात बाहेर आलं. तिचे हात थांबले नाहीत. चार-पाच वेल तिनं तसेच मोकळे केले. मग ती हसायला लागली.

“म्हंजे देवीनं न्हाई, तू उजवलंस व्हय मला?” ती म्हणाली. “करवली म्हनून साडी घेतलीस वर.”

मी रडत होते. तिनं पदरानं माझे डोळे पुसले, हाताची माती माझ्या गालाला लागली. मग तिनं मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी एसटीत मी पुढच्या बाकावर बसले होते. मागे आई रडत होती. आई तिला म्हणाली होती, पाच दिवस कौल अडला तेव्हा मला बरं वाटत होतं. वाटत होतं, देवीच्या मनात नाही. डावं पडलं असतं तर मामाला आणि पाहुण्यांना तोंड दाखवायला मला देवीचा आधार झाला असता. मग तुझं मिरजेचं बघितलं असतं.

आई डाव्या कळीची वाट बघत बसली होती. आक्का उजव्या. आणि मी, जिचा कशावरच विश्वास नव्हता, तिघींच्या वतीनं परस्पर निकाल लावून मोकळी झाले. पाच दिवस एका मंडपात, एका घोंगडीवर झोपून आम्ही तिघींनी एकमेकींना काही विचारलं नाही. जे विचारायचं ते दगडाला विचारलं.

“राग येतो का माझा?” मी आक्काला विचारलं.

ती म्हणाली, “तुजा न्हाई येत. पन कवा कवा वाटतं गं. देवीला इचारलं, पावण्यांना इचारलं, मामाला इचारलं. दारातल्या म्हशीला बी इकताना आदी पाठीवर हात ठिवत्यात.” मग तिनं पाटी उचलली आणि शेंगा वाळत घालायला अंगणात गेली. आत तिचा मुलगा उठला होता, त्याच्या रडण्याचा आवाज येत होता.

गेल्या निवडणुकीत अण्णांच्या छापखान्यात ‘जनतेचा कौल’ हे शब्द इतक्या वेळा जुळवले गेले की ‘कौ’चे खिळे झिजले आणि शेवटी दुसऱ्या टाइपातून उसने आणावे लागले. सगळे म्हणत होते, लोकांनी कौल दिला. मी ती पत्रकं वाटली, आनंदानं वाटली. पण दर वेळी तो शब्द वाचताना मनात येई, प्रश्न कुणी विचारला होता, आणि तो लोकांना ऐकू गेला होता का? आमच्या चळवळीतही आम्ही बायांच्या वतीनं फार मागण्या करतो. हौसाआजीसारख्या बाईला काय हवं हे विचारायला आम्ही तिच्या शेजारी किती वेळ बसलो? मी आता पत्रकं लिहिते. लिहून झालं की हात थांबतो. आपण पुन्हा कुणाच्या तरी कळीला तेल लावतो आहोत की काय, असं वाटतं.

हा लेख तुमच्या हाती पडेल तेव्हा घट बसलेले असतील. कौलाला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. चार वर्षांपूर्वी म्हटलं असतं, आणि तुम्ही ते वाचून घडी घालून ठेवलं असतं. मी एकच मागते. तुमच्या घरातलं कुणी एखाद्या मुलीबद्दल विचारायला देवळात निघालं असेल, तर निघण्याआधी तो प्रश्न कागदावर लिहा. पूर्ण लिहा, एकही शब्द ओठात ठेवू नका. तो कागद त्या मुलीच्या हातात द्या, सोबत पेन्सिल द्या, आणि तिचं वाचून होईपर्यंत तिथंच बसा. तिनं तो प्रश्न खोडला, तर तिच्या हातानं दुसरा लिहू द्या, आणि तो मोठ्यानं वाचा.